गाडीचं ब्लडप्रेशर



मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं आमच्या नातवाला घेऊन मृत समुद्रावर गेलो होतो. येताना एन बोकेकहून अरादकडे चढत होतो. मृत समुद्र समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून जास्त खाली, आणि अराद साधारण 600 मीटर वर. म्हणजे खंडाळ्याच्या घाटापेक्षाही मोठा चढ! अर्ध्या वाटेवर गाडीचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

ह्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. नातू चटकन उतरला आणि बॉनेट उघडून, हातात रुमाल घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडे वळला. आम्ही एवढ्या जोरात ओरडलो की पोरगा जागीच थबकला. पण भाजलेली तोंडं आणि हात आम्ही वॉर्डात पाहिलेले आहेत. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी एकदम उकळून अंगावर उडतं. म्हणून इंजिन पुरतं थंड होईपर्यंत हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी एका मुसाखमध्ये गेलो. तिथल्या माणसाने बॉनेटमध्ये नुसतं डोकावून सांगितलं, "इंजिन गेलं. नवीन टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या." आम्ही पेन्शनर माणसं. ह्यांच्या डोळ्यांसाठी महिन्यातून दोनदा बेरशेव्याला जायचं ते याच गाडीने. घरी आलो ते जेवण गोड लागेना.

मग आपल्यातल्याच एका मेस्त्रींना बोलावलं. तेही रिटायर झालेले, पण मुंबईत शिकलेला हात. त्यांनी आधी ऑइलची काडी ओढून पाहिली. ऑइल चहात दूध घातल्यासारखं पांढुरकं झालं होतं. "ऑइलमध्ये पाणी शिरलंय. पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही," ते म्हणाले. आम्हाला माणूस तिथेच आवडला. डॉक्टरही आधी तपासतो, मग बोलतो.

त्यांनी इंजिन थोडं गरम केलं आणि चारही प्लग काढले. ठिणगी आणि पेट्रोल बंद केलं. एका भोकात दाब मोजायचं गेज बसवून ह्यांना म्हणाले, "पेडल पूर्ण दाबा आणि स्टार्टर फिरवा." इंजिन पाच-सहा फेरे फिरलं की काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. असे चारही सिलिंडर मोजले. नातवाने वहीत लिहिलं: 165, 90, 85, 160. हे दर चौरस इंचाला पौंड. अगदी ब्लडप्रेशरच म्हणा ना! एकाच आकड्यावर जायचं नाही, चारही जुळवून पाहायचे. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्याच्या पाऊण तरी हवा. आमचे मधले दोन तर जवळजवळ निम्म्यावर आलेले.

मग मेस्त्रींनी त्या दोघांत चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट बुजते आणि आकडा चढतो. आमचा चढला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आणि ऑइलमध्ये पाणी, म्हणजे दोघांमधलं हेड गॅसकेट फुटलंय. इंजिन शाबूत होतं!

मुलांनो, गॅसकेट म्हणजे इंजिनच्या खालच्या ठोकळ्यात आणि वरच्या हेडमध्ये बसवलेला पातळ पत्रा. जळणारा वायू, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू नयेत हे त्याचं काम. इंजिन फार तापलं की हेड वाकतं आणि गॅसकेट फुटतं.

मेस्त्रींनी हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली. खाली फट दिसली, म्हणून हेड घासून सपाट करून आणलं. दोन्ही बाजू चरे न पाडता स्वच्छ केल्या. गॅसकेट नवंच घातलं, कारण जुनं पुन्हा वापरायचं नसतं. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत, पुस्तकात दिलेल्या जोराइतकेच टॉर्क पान्याने आवळले. ऑइल आणि पाणी बदललं. पुन्हा मोजलं तर चारही 160च्या आसपास.

नर्स म्हणून दोन गोष्टी सांगतो. फार जुन्या गाड्यांच्या गॅसकेटात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते कोरडं खरवडून धूळ उडवू नका, फुप्फुसाला घातक. रेडिएटरचं हिरवं-लाल पाणी चवीला गोड पण विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, लहान मुलं आणि मांजरं चाटतात. आणि कोणी भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. जास्त भाजलं असेल तर 101 लावा.

गाडी बरी झाल्यावर अरादचा तोच चढ पुन्हा चढलो. काटा मध्येच राहिला. नातू सारखा डोकावून पाहत होता. घरी येऊन एलियाहू हानबीच्या नावाने मलिदा केला आणि पहिलं ताट मेस्त्रींकडे पाठवलं.