पेट्रोलच्या नळीचे वय

तळोज्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांत सीएनजीवर धावणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांच्या गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. त्याच गाडीतल्या पेट्रोलच्या रबरी नळीला मात्र कुठलीच मुदत नाही. पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा वायू मोजतात, बॉनेटखालची गळती नव्हे. मग मालक मीटरकडे पाहून ठरवतो: गाडी चाललीच किती, चाळीस हजार! पण रबर किलोमीटर मोजत नाही. त्याचे वय वर्षांत धरायला हवे, आणि कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे.

जुन्या गाड्यांतल्या नळ्यांचे रबर बहुधा नायट्राइल जातीचे असते. ते लवचिक राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. पेट्रोल तो हळूहळू धुऊन काढते, पण स्वतः रबरात मुरून त्याला फुगवून ठेवते, त्यामुळे सांधे घट्ट राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, किंवा पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून फक्त गॅसवर चालवली, की मुरलेले पेट्रोल उडून जाते. रबर आकसते, कडक होते, ओ-रिंगा सैल पडतात. बाहेरून ओझोनचा मारा सुरूच असतो. तळोज्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात ट्रकांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि द्रावकांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की ओझोन तयार होतो, आणि तो रबरातले दुहेरी बंध तोडतो. तडे आधी जातात ते ताण असलेल्या जागी, म्हणजे वळणावर आणि क्लिपच्या कडेला. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी नळीला पावसाळ्यातला चिखल आणि खाडीकडची खारट हवा पुरते. ब्रॅकेटखाली चिखल साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

हा सगळा दोष २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलचा, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. इथेनॉल जुन्या रबराला जाचते आणि पाणी ओढून घेते, हे खरेच. पण आधीच वाळलेल्या नळीचे दुखणे ते फक्त लवकर उघडे पाडते. २०२५च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केटे बदलावी लागू शकतात. सल्ला योग्य, मोजपट्टी मात्र पुन्हा तीच. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा टप्पा गाठायला सात ते दहा वर्षे लागतील, आणि तोवर नळी थांबणार नाही.

‘गळत नाही, मग बदलायची कशाला?’ हा आक्षेप कार्ब्युरेटरच्या काळात थोडाफार चालून जायचा. तिथे दाब अगदी कमी असे. इंजेक्शनच्या गाडीत तो ३ बारच्या आसपास असतो, आणि बारीक भेगेतूनही पेट्रोलचा फवारा उडतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. ज्या पार्किंगमध्ये ती साचते, त्याच्या डोक्यावर सहा-सात मजले असतात. म्हणून ‘जुन्या गाडीवर पैसे कोण घालणार’ हा प्रश्न एकट्या मालकापुरता उरत नाही.

तपासणी इंजिन गार असताना करावी. नळी हलकेच वाकवून पाहावी आणि क्लिपच्या कडा टॉर्चने न्याहाळाव्यात. फिल्टरमध्ये काळे कण दिसले तर नळीचे आतले अस्तर सुटते आहे असे समजावे. बाहेरून ती ठणठणीत दिसली तरी. बदलताना दुकानात फसगत होते, कारण कार्ब्युरेटरची आर-७ आणि इंजेक्शनची आर-९ या नळ्या दिसायला सारख्याच. दुसरी जवळपास ७ बारसाठी बनवलेली असते आणि तिला सहसा आतून फ्लोरो-रबराचे अस्तर असते. नळीवरचा छाप वाचूनच घ्यावी. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्यासाठी यांतली कुठलीच चालत नाही, तिथे आर-१० लागते. काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो; मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. चिकटून बसलेली नळी ओढू नये, कापावी. सगळे जोडून झाल्यावर चावी दोन-तीनदा नुसती ‘ऑन’ करावी, पंपाला दाब भरू द्यावा आणि प्रत्येक सांधा कोरडा आहे ना हे बघूनच स्टार्टर मारावा.