मुली, गणित आणि अकरावीचा उंबरठा

वसई तालुक्यातील राजोडी हे समुद्रकाठचे गाव. या पट्ट्यातील महिला भाजी, फुले, मासळी बाजारात नेतात आणि दिवसाचा हिशेब तोंडी करतात. मुलींना गणित जमत नाही, हा समज येथे तरी टिकू नये. परंतु एके काळी तो शिक्षणव्यवस्थेतच रुजलेला होता.

मुलींचा अभ्यासक्रम निराळा व गृहोपयोगी असावा, असे पूर्वी सर्रास मानले जाई. माध्यमिक शिक्षण आयोगानेही (1952-53) मुलींसाठी गृहविज्ञानाची सोय करण्याची शिफारस केली. पुढे हंसाबेन मेहता समितीने असा भेद अमान्य केला. कोठारी आयोगाने (1964-66) शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान सर्वांनाच आवश्यक करावे, असे सुचविले. नव्या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली.

संधी समान होताच काय घडते, हे निकालावरून दिसते. 2024 च्या दहावीच्या परीक्षेत 97.21 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या. मुलांचे प्रमाण 94.56 टक्के होते. हे आकडे सर्व विषयांचे एकत्रित असले, तरी गणित हा त्यांतील एक विषय आहेच.

खरी फारकत अकरावीत होते. तेथे गणित ऐच्छिक आहे. विज्ञान शाखेत गणित सोडून जीवशास्त्र घेता येते. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती निवडता येते. ही निवड आवडीने झाली तर हरकत नाही. मात्र लांबचे कनिष्ठ महाविद्यालय, संध्याकाळची शिकवणी, तिचा खर्च आणि ‘मुलीला कशाला एवढे गणित?’ हा घरातील प्रश्न यांमुळे ती झाली, तर नुकसान मोठे आहे.

राज्य शासनाने 2024-25 पासून 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. परंतु अभियांत्रिकीच्या पदवी प्रवेशासाठी बारावीला गणित लागते. ज्या मुलीने ते अकरावीतच सोडले, तिला ही सवलत असूनही तो मार्ग बंद होतो.

म्हणून शिक्षकांनी नववी-दहावीच्या पालक सभांतच विषयनिवडीचे परिणाम समजावून सांगावेत. गणिताच्या जादा तासिका शक्यतो शाळेच्या वेळेला जोडून घ्याव्यात. लोकप्रतिनिधींनी महाविद्यालयाच्या वेळेस सोयीची बस मिळावी, यासाठी पाठपुरावा करावा. गणित घ्यावे की सोडावे, हा निर्णय मुलीचा असावा. अंतराचा वा समजुतीचा नव्हे.