डिझेल की पेट्रोल? गाडी चालविण्यातली मौज कशात?



ऊसबिलाचा हप्ता बँकेत जमा झाला, की आपल्या भागात दोन विषय हमखास निघतात. एक मुलीचं लग्न आणि दुसरा चारचाकी. वजनकाट्यावर नंबराची वाट पाहत बसलेल्या मंडळींत परवा हाच वाद रंगला. शिरूरकडचे एक जुने सभासद म्हणाले, "डिझेल म्हणजे ट्रॅक्टर! पैसे वाचवायला ठीक. पण चालवायची मजा पेट्रोललाच." दौंडकडचा एक तरणा सभासद लगेच उसळला, "तात्या, एकदा माझी गाडी चालवून बघा, मग बोला." वाद काही मिटेना. शेवटी पंच म्हणून आम्हीच मधे पडलो.

दोघांच्याही गाड्या स्विफ्ट, दहा-बारा वर्षं वापरलेल्या. तात्यांची पेट्रोलवरची, तरण्याची डिझेलवरची. शिरूरहून न्हावरे, पारगावला भीमेचा पूल, केडगाव, चौफुला, पुढे सोलापूर रस्त्याने पाटस-कुरकुंभ करून दौंड, असा मार्ग ठरला. जाताना पेट्रोल, येताना डिझेल.

पेट्रोलची गाडी सुरू झाली तरी कळत नाही. गिअर हलका, नाक हलकं. चौफुल्यापुढे रस्ता मोकळा मिळाला तशी ती खुशीत पळू लागली. पण त्याआधी न्हावऱ्याजवळ उसाची डबल ट्रॉली आडवी आली होती. समोरून एस.टी. येत होती. ती गेल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं, तर गाडी नुसती रेंगाळली. दुसरा टाकून इंजिन चांगलं तापवलं, तेव्हा कुठे पुढे निघालो.

परतताना डिझेल. सुरुवातीला खडखड ऐकून तात्यांनी आमच्याकडे 'बघा, मी काय म्हणत होतो' असं पाहिलं. अगदी मंद गतीत गाडी आळशीही वाटली. पण पारगावच्या अलीकडे पुन्हा तशीच ट्रॉली भेटली. तात्यांनी तिसऱ्यातच पाय दाबला आणि पाठीमागून कुणी ढकलावं तशी गाडी पुढे सरकली. तात्या काही बोलले नाहीत. पण पुढची ट्रॉली कधी येते याची वाट पाहू लागले!

यात जादू नाही. कागदावर पेट्रोल गाडीची ताकद जास्त, सुमारे ८७ अश्वशक्ती, डिझेलची ७५. पण चाक फिरवणारी ओढ पेट्रोलची ११४ न्यूटन-मीटर, तर डिझेलची १९०, आणि तीही इंजिनाचे फेरे दोन हजारांवर असतानाच. विहिरीवर हँडल मारून डिझेल इंजिन सुरू केलेल्या सभासदाला हे नवं नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापवतात, की तेल फवारताच पेटतं. त्याचाच तो ठोका. नव्या पद्धतीत एका स्फोटासाठी तेल अनेक बारीक फवाऱ्यांनी सोडतात, म्हणून ठोका मऊ झाला. २००६ साली फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या डिझेल गाडीनेच जिंकली होती.

आणखी एक गंमत. त्या १.३ लिटरच्या इंजिनाची मूळ रचना फियाटची. मारुती ते हरियाणात मानेसरला बनवीत असे. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या फियाट कारखान्यातही ते तयार होई. २०१२ साली मारुतीने रांजणगावहून इंजिने घेण्याचा करार केला होता. म्हणजे तात्या ज्याला ट्रॅक्टर म्हणत होते, ते त्यांच्याच तालुक्यात घडत होतं!

मग सर्वांनी डिझेलच घ्यावी काय? इथे जरा थांबावं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हा हे इंजिन बंद झालं आणि मारुतीने डिझेल गाड्याच सोडल्या. आताच्या डिझेल गाडीत काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब पल्ल्याला सलग पळावी लागते. आमच्या एका सोयऱ्यांची गाडी रोज वस्तीवरून डेअरीपर्यंत आणि परत, एवढीच चाले. समोर दिवा लागला, गाडी ओढेना, गॅरेजच्या खेपा सुरू झाल्या. तिथे मौज कसली? शिवाय पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, तेव्हापासून दोन्हींतला पूर्वीचा मोठा फरकही उरलेला नाही.

पेट्रोलच्या बाजूने आपल्या घरची एक गोष्ट आहे. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. ते मका-तांदळाचं असतं, तसंच उसाचंही. इथेनॉलमध्ये उष्णता कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं. जुन्या गाडीला हे मिश्रण चालतं का, ते गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावं.

आमचा निवाडा असा: डिझेलमध्ये मौज आहे, आणि आपल्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर ती पेट्रोलपेक्षा कणभर जास्तच. पण ती लांब पळणाऱ्याची मौज. ज्याचं महिन्याकाठी पुणे-सोलापूर होतं, त्याने खुशाल घ्यावी. ज्याची गाडी शिवारातून बाजारापर्यंतच जाते, त्याने पेट्रोल घ्यावं. शोरूमला जाण्यापूर्वी महिनाभराच्या फेऱ्या वहीत लिहून पाहाव्यात. हप्ता वर्षानुवर्षं फेडायचा असतो, ट्रॉली ओलांडायला दहा सेकंद पुरतात.

तात्यांनी मात्र परतल्यावर किल्ली लगेच दिली नाही.