भिंतीवर चढलेली गोधडी

गोधडी अंगावर घ्यायची. पण 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकेतल्या जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि लोक त्यांच्याकडे चित्र म्हणूनच बघू लागले. 1979 मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी खास कलात्मक गोधड्यांचं ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झालं. काही कलाकारांना बाजारातलं छापील कापड अपुरं पडायला लागलं होतं. ते स्वतःच कापड रंगवू लागले.

या रंगांचं मूळ कळायला रायगड जिल्ह्यातल्या रसायनी गावाचं उदाहरण चांगलं. खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला. कंपनीची स्थापना 1960 ची. इथे बेंझीनपासून नायट्रोबेंझीन आणि त्यापासून ॲनिलिन तयार होई. ॲनिलिन पहिल्यांदा मिळालं ते 1826 मध्ये, नीळ तापवून. 1856 मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन त्यापासून क्विनिन बनवण्याचे प्रयोग करत होता. हिवतापाचं औषध राहिलं बाजूला, हाती लागला जांभळा रंग. आजही सुती कापडाच्या कितीतरी रंगांची साखळी ॲनिलिनपासूनच निघते. रसायनीतले तोट्यातले प्लांट बंद करण्याचा निर्णय केंद्राने 2017 मध्ये घेतला. 

पर्किननंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1956 मध्ये, आयसीआय कंपनीने ‘प्रोसिऑन’ रंग बाजारात आणले. घरच्या घरी कापड रंगवणं सोपं झालं ते या रिॲक्टिव्ह रंगांमुळे. हे रंग धाग्यावर नुसते बसत नाहीत, कापसाच्या रेणूशी रासायनिक बंधाने जोडले जातात. त्यासाठी भट्टी लागत नाही, धुण्याचा सोडा पुरतो. मांजरपाटाची खळ आधी उकळून काढायची, कापड सोड्याच्या पाण्यात भिजवायचं (लिटरला साधारण 60 ग्रॅम), मग पिळून, चुरगाळून त्यावर रंग ओतायचा. सुरकुत्यांत रंग कमी-जास्त शिरतो आणि आभाळ भरून आल्यासारखे ढग उमटतात. कापड ओलंच, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं. काही रंग मात्र कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जाऊन वाया जातो. तो पूर्ण निघेपर्यंत धुवावं लागतं, नाहीतर शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर तांबडं उतरतं.

खरी गंमत छटांत आहे. पहिल्या भांड्यात पूर्ण रंग, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात त्याच्या निम्मा. असे आठ तुकडे रंगवले की गडद निळ्यापासून ताकासारख्या फिक्या निळ्यापर्यंत पायऱ्या मिळतात. अंतर, उजेड, पाऊस हे सगळं त्या पायऱ्यांनीच दाखवता येतं. माझ्या मते नक्षीपेक्षा इथेच कलाकाराचा कस लागतो.

टाका मात्र जुनाच: धावदोरा. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून आपल्याकडे जसा घालत आले, तसाच. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंडी’, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून शिवायला घेतात आणि फिरत फिरत मध्यावर येतात. कोपऱ्यांवर कापडाची घडीदार ‘फुलं’ लावतात. त्यांच्या लेखी फुलांवाचून कवंडी नागडी. भिंतीवरच्या कामात हे टाकेच रेषा होतात. दाट घातले तर कापड दबतं, विरळ ठेवले तर फुगतं, आणि तिरप्या उजेडात ते चढउतार ठळक दिसतात.

टांगण्यासाठी पाठीमागे वरच्या कडेला नेफा शिवून त्यात दांडी घालतात. रायगडच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात, म्हणून दांडी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावी. नाहीतर श्रावणापर्यंत मागच्या कापडावर बुरशी धरते. आणि थेट ऊन लागेल अशी भिंत निवडूच नये, कारण धुण्याला टिकणारा रंग उन्हाला टिकेलच असं नाही.