अलिप्ततेची कसोटी : कोरियातील युद्धकैदी

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया खंडातील एकेक देश परकीय सत्तेच्या जोखडातून मुक्त होऊ लागला. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. ब्रह्मदेश व श्रीलंका १९४८ मध्ये स्वतंत्र झाले आणि इंडोनेशियाचे स्वातंत्र्य डचांनी १९४९ च्या अखेरीस मान्य केले. याच सुमारास जग मात्र अमेरिका व सोव्हिएत रशिया या दोन महासत्तांच्या गटांत विभागले जात होते. नुकतेच मिळालेले स्वातंत्र्य कोणत्याही गटाच्या दावणीला बांधावयाचे नाही, असे यांपैकी अनेक देशांनी ठरविले.

या धोरणास आपल्याकडे कधी 'तटस्थता' तर कधी 'अलिप्तता' असे म्हटले गेले. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहात कोण बुडते व कोण तरते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पंडित नेहरूंना हा अर्थ मान्य नव्हता. गटात सामील व्हावयाचे नाही, परंतु प्रत्येक प्रश्नाचा निर्णय त्याच्या गुणदोषांवरून करावयाचा व शांततेसाठी हातपाय हलवावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. १९५५ ची बांडुंग परिषद आणि १९६१ ची बेलग्रेड परिषद यांमुळे या विचारास संघटित रूप आले. तथापि, त्याची खरी कसोटी त्याआधीच कोरियात लागली होती.

उत्तर कोरियाच्या फौजा २५ जून १९५० रोजी दक्षिणेत घुसल्या. भारत त्या वेळी सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. उत्तर कोरियाने माघार घ्यावी, या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले. म्हणजे आक्रमणास आक्रमण म्हणण्यास तो कचरला नाही. मात्र लढाऊ फौज न पाठविता त्याने ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक धाडले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजा ३८ व्या अक्षांशवृत्तापर्यंत पोहोचल्या. अमेरिकी सैन्याने ते ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल, असा इशारा चौ एन-लाय यांनी पेकिंगमधील भारतीय राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून दिला. भारताने तो पाश्चात्त्य राष्ट्रांना कळविला, परंतु त्यांनी तो मनावर घेतला नाही. त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९५० मध्ये, चिनी फौजा कोरियात उतरल्या. फेब्रुवारी १९५१ मध्ये आमसभेने चीनला आक्रमक ठरविले, तेव्हा भारत व ब्रह्मदेश यांनी ठरावाविरुद्ध मत दिले. साहजिकच अमेरिकेत भारताविषयी नाराजी वाढली.

वाटाघाटी अडल्या कोठे ?

युद्धबंदीच्या वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये सुरू झाल्या आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नावर येऊन अडल्या. युद्ध संपताच कैद्यांना स्वदेशी परत पाठवावे, असे १९४९ चा जिनेव्हा करार सांगतो. पण दक्षिणेच्या ताब्यातील हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी परत जाण्यास तयार नव्हते. त्यांना बळाने पाठविणार नाही, असे अमेरिकेचे म्हणणे. तर ही नाखुशी धाकदपटशाने निर्माण केलेली आहे, असा चीनचा व उत्तर कोरियाचा आरोप. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. कैद्यांच्या छावण्यांत कम्युनिस्ट व कम्युनिस्टविरोधी टोळ्यांचे राज्य चालत असे. एखाद्या कैद्याच्या मनात खरोखर काय आहे, हे त्याच्या म्होरक्यांसमोर त्याला विचारून कळणे शक्य नव्हते.

व्ही. के. कृष्ण मेनन यांनी यातून मार्ग सुचविला. कैद्यांवर बळजबरी करू नये, त्यांना तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाच्या स्वाधीन करावे, असे त्याचे सूत्र होते. आमसभेने हा ठराव ३ डिसेंबर १९५२ रोजी ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. सोव्हिएत रशियाने त्यावर कडाडून टीका केली व चीनने तो फेटाळला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन यांचे निधन झाले आणि वातावरण पालटले. जूनमध्ये झालेला समझोता बव्हंशी याच धर्तीचा होता. युद्धबंदी २७ जुलै १९५३ रोजी झाली.

पाच राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. त्यात स्वीडन व स्वित्झर्लंड एकीकडे झुकणारे, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया दुसरीकडे. म्हणून पाचवे मत भारताचे. अध्यक्षपद लेफ्टनंट जनरल थिमय्या यांच्याकडे आले. कैद्यांच्या प्रत्यक्ष राखणीसाठी पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक गेले. त्यांचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, मूळचे कोल्हापूरकडील.

हिंदनगर

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे इंचॉन बंदरात आलेल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तेथील छावणीस 'हिंदनगर' असे नाव पडले. सुमारे २२,६०० कैदी दक्षिणेकडून आणि ३५९ उत्तरेकडून भारतीयांच्या हाती आले.

परत न जाणाऱ्या कैद्यांना त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी आयोगासमोर समजावून सांगावे, अशी योजना होती. त्यासाठी ९० दिवस ठरले होते. प्रत्यक्षात काम जेमतेम दहा दिवस झाले. कैदी तंबूंतून बाहेर येईनात. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओढून नेऊन ओलीस ठेवले, तेव्हा जनरल थोरात स्वतः शस्त्राविना त्या कुंपणात गेले आणि त्याची सुटका करून आणली. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र पळून जाऊ पाहणाऱ्या कैद्यांवर जवानांना गोळीबार करावा लागला व त्यात काही जण मरण पावले. कैद्यांना बळाने बाहेर काढावे, असा पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचा आग्रह होता. स्वीडन व स्वित्झर्लंड यांचा त्यास विरोध होता. भारताने बळाचा वापर नाकारला. त्यामुळे उत्तरेकडून दोष आला, आणि कैद्यांना समजावणीस आणण्याचा प्रयत्न केला म्हणून दक्षिणेकडूनही आला.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. कोरियाच्या भवितव्यासाठी भरावयाच्या राजकीय परिषदेत भारताला घ्यावे, या सूचनेस २७ मते मिळाली, विरुद्ध २१ व तटस्थ ११. आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत नसल्याने भारताने आपले नाव मागे घेतले. विरोधात अमेरिका आघाडीवर होती. दोन्ही बाजूंचे कैदी सांभाळण्यास जो देश विश्वासू ठरला होता, त्याला चर्चेच्या मेजावर जागा नव्हती.

मुदत २३ डिसेंबर रोजी संपली. उरलेल्या कैद्यांचा विचार राजकीय परिषदेने करावयाचा होता, पण ती परिषद भरलीच नाही. कैद्यांना मुक्त करण्याचा अधिकार आयोगास नाही आणि त्यांना अनिश्चित काळ डांबून ठेवणेही योग्य नाही, असे ठरवून थिमय्या यांनी जानेवारी १९५४ मध्ये त्यांना पूर्वीच्या ताबेदारांकडे परत केले. दोन्ही बाजूंनी निषेध नोंदविला. युद्ध मात्र पुन्हा पेटले नाही. थिमय्या यांनी लिहिलेली या दिवसांची हकीकत १९८१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

कैद्यांपैकी ८८ जणांनी उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवानही नको असे सांगितले. एखाद्या तटस्थ देशात जाऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांना नेण्यास त्या वेळी कोणी पुढे आले नाही, म्हणून परतणाऱ्या भारतीय सैनिकांबरोबरच त्यांनी प्रवास केला आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ते मद्रास बंदरात उतरले. पुढे त्यांतील बरेचसे ब्राझील व अर्जेंटिना येथे गेले. काही मोजके भारतातच राहिले.