टिलव्याला वाट कोण दाखवतं?

ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) पायांपाशी काहीतरी तुरुतुरु पळू लागतं. सगळे कॅमेरे रोहितांवर रोखलेले, त्यामुळे या पळापळीकडे सहसा कुणी बघत नाही. हा छोटा टिलवा. चिमणीपेक्षा लहान, वजन 25-30 ग्रॅम, काळे पाय, सरळ काळी चोच. मान खाली घालून टुचटुच, चार पावलं पळ, पुन्हा टुचटुच.

त्याला एवढं काय सापडतं? बारीक किडे, अळ्या, इवलेसे शंखशिंपले. बरंचसं तो डोळ्यांनी हेरतो, पण चोचही कमाल आहे. या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी, अगदी हाडात, सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत दाब नि स्पर्श ओळखणारी संवेदनाग्रं भरलेली असतात. म्हणजे चिखलात नुसती चोच खुपसायची आणि आत कोण वळवळतंय ते कळून घ्यायचं!

आता विचारा, जूनमध्ये आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा हे कुठे असतात? नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या टुंड्रा प्रदेशात. तिथल्या टायमिर द्वीपकल्पापासून मुंबई सरळ रेषेत मोजली, तरी अंतर 6,000 किलोमीटरच्या घरात जातं. मध्ये वाळवंटं, डोंगररांगा, सगळं आलं. निघण्याआधी टिलवा खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतो, आणि हाच त्याचा शिधा.

एवढ्या प्रवासानंतर मादी थोडी विसावत असेल, असं आपल्याला वाटतं. छे! ती चार अंडी घालते. चारांचं वजन मिळून जवळपास तिच्याच वजनाइतकं! बरं, हा माल कुठून आला? दक्षिणेतून साठवून आणला? आर्क्टिकमध्ये वीण करणाऱ्या अशाच काही किनारी पक्ष्यांच्या अंड्यांतला आणि पिल्लांच्या पिसांतला कार्बन तपासणारा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की अंडी घडतात ती मुख्यतः तिथे पोचल्यावर खाल्लेल्या अन्नातून. थोडक्यात, आल्या आल्या टुंड्रावरचे किडे खायचे आणि त्यांचीच अंडी करायची.

गंमत पुढेच आहे. पहिली चार अंडी अनेकदा नराच्या हवाली होतात. मादी दुसरीकडे आणखी चार घालते आणि ती स्वतः उबवते. दोघं दोन घरट्यांवर, एकेकटे. उन्हाळा इतका आखूड की एकाच हंगामात दोन घरटी उरकायची, तर कामाची वाटणी करावीच लागते. मला तर हा संसार भलताच व्यवहारी वाटतो. एकट्या पालकाला पोटासाठी अंडी सोडून उठावंच लागतं. तेवढ्यात ती गार होतात, तरी तगतात.

साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. कापसाच्या बोळ्याला दोन काड्या टोचाव्यात, असा प्रत्येकाचा अवतार. यांना कुणी भरवत नाही. अंग वाळलं की ती स्वतःच किडे टिपत हिंडू लागतात. पालकाचं काम ऊब देणं आणि धोका दिसला की ओरडणं.

आणि मग मोठी मंडळी निघून जातात. बहुतेक पिल्लं मागाहून निघतात. जी वाट कधी पाहिलेली नाही, त्या वाटेनं, ती पाहिलेल्या कुणाशिवाय! कुठल्या दिशेला आणि साधारण किती उडायचं, याची मुख्य शिदोरी जन्मतःच सोबत असते. सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व हे पक्ष्यांचे ठाऊक असलेले वाटाडे. पण एवढ्याशा मेंदूत हा सगळा हिशेब नेमका कसा जुळतो, यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवताहेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात खाडीवर गेलात तर दुर्बिणीतून टिलव्यांच्या पाठी न्याहाळा. पाठीवर ठसठशीत पांढरा इंग्रजी ‘व्ही’ दिसला, तर तो यंदाचा पोरगा. असे ‘व्ही’ एखाद्या वर्षी उदंड दिसतात, एखाद्या वर्षी कमी. यामागच्या कारणांत, खरं वाटणार नाही, पण उंदरासारखा एक प्राणी आहे, लेमिंग. टायमिरमध्ये लेमिंग माजले की आर्क्टिक कोल्ह्यांचं पोट त्यांच्यावरच भरतं. लेमिंगांची संख्या कोसळली, की कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यापिल्लांकडे वळतात. म्हणून तिकडे लेमिंगांचा दुष्काळ पडला, तर इकडे पांढरे ‘व्ही’ शोधत बसावं लागतं.