पाडव्याच्या संध्याकाळी दिसलेली ती आग

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास अकोला, अमरावतीसह विदर्भाच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग पूर्वेकडे सरकत गेली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी क्षेपणास्त्र, कोणी पेटलेले विमान. याचा उलगडा करायला दुर्बीण लागत नाही. ती किती वेळ दिसली एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. इथे तर लोकांना खिशातून मोबाइल काढून चित्रण करण्याइतकी सवड मिळाली. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने, अगदी तिरप्या वाटेने खाली येते. त्यामुळे ती बराच वेळ जळते, फुटते, आणि तिचे तुकडे एकामागे एक त्याच दिशेने जातात. चित्रफितींत नेमके हेच दिसते.

‘आपल्याच शिवारामागे पडले’ ही खात्रीही फसवी होती. असे तुकडे सुमारे 80 किलोमीटर उंचीवर पेटतात आणि शेकडो किलोमीटरवरून दिसतात. अंधारात अंतर मोजायला डोळ्यांना खूणच नसते, म्हणून क्षितिजाकडे उतरणारा उजेड झाडांमागे पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले ते चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत. अकोल्यापासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर.

त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट उडाले होते, मग हे त्याचेच अवशेष कशावरून नाहीत? शंका रास्त आहे, काही जाणकारांनाही तसेच वाटले होते. पण दिवस जुळला म्हणून कक्षा जुळत नाही. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असे सांगितले. वर्षभर विरळ हवेशी घासत त्याची कक्षा आक्रसत गेली होती. सगळे जळून जाते हाही गैरसमजच. टायटॅनियमसारख्या धातूचे भाग जमिनीपर्यंत पोहोचू शकतात.

पुन्हा असे काही दिसले तर वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसले हे लगेच लिहून ठेवा. तुकडा सापडला तर हात लावू नका, त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. आधी पोलीस ठाण्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवा.